न लावलेली साखळी

रंगनाथभाऊंचा पाय मोडला तो माझ्या चुकीमुळं. साखळी मी लावली नव्हती, गाडीच्या पोटातलं पाणी मी काढू दिलं नव्हतं, आणि फळीला पाय लावायलाही मीच सांगितलं होतं. नंतर संस्थेत विचारणा झाली तेव्हा त्यातल्या दोन चुका मी त्यांच्या नावावर टाकल्या आणि तिसरीबद्दल गप्प बसलो.

या अंकाच्या संपादकांनी मला गाडीवरचे गमतीचे अनुभव लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत, त्याही लिहितो. पण हे आधी लिहून ठेवलं नाही तर गमती सांगता सांगता मी ते टाळून पुढं निघून जाईन. तसं मी बरीच वर्षं केलेलं आहे.

मी पिकअपचा ड्रायव्हर होतो. माजलगावच्या धरणावर मासेमारी करणाऱ्या एका सहकारी संस्थेत माझी उमेदीची वर्षं गेली. बर्फाच्या लाद्या न्यायच्या, मासळीचे क्रेट बाजाराला पोचवायचे, जाळी आणायची. यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं आलं ते दुष्काळात, आणि ते आठ चाकांवर आलं.

धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी काठाशी असतं, होडी ढकलली की झालं. पाऊस दोन वर्षं फिरकला नाही की पाणी मागं सरकतं, आणि काठ व पाणी यांच्यामध्ये गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगा पडलेला दिसतो. त्यावर विश्वास ठेवून पाय टाकला की माणूस मांडीपर्यंत आत. तिथं होडी चालत नाही, बैल चालत नाही, ट्रॅक्टर तर रुततोच. तहानलेली जनावरं पाण्याच्या वासानं जातात आणि मध्येच अडकतात. गावांच्या नळयोजनेचे पाइप उघडे पडतात, ते पाण्यापर्यंत ओढत न्यायला माणूस पोचू शकत नाही. त्या वर्षी असं सगळीकडं चाललेलं असताना आमच्या चेअरमन साहेबांनी कुणाच्या तरी ओळखीनं एक गाडी आणली. पुण्याकडं कुठल्याशा रिसॉर्टवर पर्यटकांना चिखलात फिरवायला ती आणलेली होती. रिसॉर्ट बंद पडलं आणि गाडी आमच्याकडं आली.

दिसायला ती मोठ्या घमेल्यासारखी. खाली चार-चार करून आठ गुबगुबीत टायर, त्यांत हवा इतकी कमी की बोटानं दाबले जावेत. जमिनीवर चालते, चिखलात चालते आणि पाण्यात तरंगतेही. पाण्यात तिची चाकंच वल्ह्याचं काम करतात. तिला स्टिअरिंग नाही, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावीकडची चारही चाकं थांबतात आणि गाडी डावीकडं वळते. पायाला कामच नाही, सगळं हातांनी; रेससुद्धा दांड्याची मूठ पिळून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं मला तिची लाज वाटणार आहे.

गाडी उतरवली तेव्हा सगळी संस्था बघायला जमली होती. रंगनाथभाऊंची बायको, पारूवहिनी, भाऊंचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं बया, ही तर बेडकीच हाय. चिखलात बी अन् पाण्यात बी." तेच नाव पडलं. सरकारी कागदात काहीही असो, आमच्या पाच-पन्नास गावांत ती बेडकी.

आणि बेडकी चालवायची कुणी, हा प्रश्नच आला नाही. रंगनाथभाऊ म्हणजे सिंदफणा नदीच्या काठावर जन्मलेला, आमच्याच संस्थेतला भोई माणूस. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, काटक, बोलायला कमी. गाळाकडं नुसतं बघून ते सांगायचे, इथं गुडघा, तिथं कंबर, त्या काळ्या पट्ट्यात जाऊच नका. दोन दांडे हातात धरून त्यांनी बेडकी पहिल्यांदा पाण्यात घातली आणि एक गोल फेरी मारून आणली. उतरले तेव्हा चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. लग्नात नवरदेवाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी.

माझं काम तिला गावोगाव न्यायचं. बेडकीला रस्त्यावर पळवत नाहीत, तिचे मऊ टायर डांबरावर झिजतात. म्हणून ती पिकअपच्या हौद्यात चढवायची, न्यायची, उतरवायची, काम झालं की परत चढवायची. लोकांना वाटतं चिखलातलं काम अवघड. मी सांगतो, अवघड असतं ते चढवणं. चिखलात चूक झाली तर गाडी रुतते. चढवताना चूक झाली तर ती माणसावर येते.

सगळ्यात चांगली रीत म्हणजे फळ्या न वापरणं. कुठंतरी बांध किंवा टेकाड बघायचं, पिकअप उलटी त्याच्या पायथ्याशी घालायची, हौद्याचा मागचा फाळका पाडून बांधाला टेकवायचा. बेडकी बांधावरून सरळ हौद्यात चालत येते, घरात आल्यासारखी. बांध नसला तर लोखंडी फळ्या. आमच्या फळ्या माजलगावच्या वेल्डरनं बनवलेल्या, चांगल्या लांब, कारण फळी जितकी लांब तितका चढ कमी. फळीच्या वरच्या टोकाला साखळी, ती पिकअपच्या खालच्या लोखंडाला आवळून बांधायची. बेडकी सरळ रेषेत उभी करायची आणि मगच चढायचं. मध्येच सरळ करू गेलात तर एका बाजूची चाकं थांबतात आणि गाडी फळीवर गिरकी घेते. चढण्याआधी बुडाचं बूच काढून पोटातलं पाणी जाऊ द्यायचं. पाण्यातून आली की थोडंफार पाणी आत असतंच, आणि चढताना ते सगळं मागं धावतं. पुढचं हलकं होतं, मागचं जड. आणि मागं कुणी उभं राहायचं नाही. वर पोचली की चौकटीला पट्टे बांधायचे, टायरना नाही. तीन-चार किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण मऊ टायर दबतात आणि पट्टे सैल पडतात.

हे सगळं मला रंगनाथभाऊंनीच शिकवलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दोन-चार वेळा गाडी घसरली, तेव्हा ते खाली उकिडवे बसून बघत राहिले आणि त्यांना कळलं.

आता गमती. एका गावात नळयोजनेचा पाइप ओढायला गेलो होतो. काम झाल्यावर दोन म्हातारे पुढं आले, एकमेकांचे चुलतभाऊ. "जरा पलीकडं न्या की, आमची जुनी जमीन बघायची हाय." त्यांची जमीन धरणात गेलेली, मोबदला घेऊन एक पिढी उलटलेली. आता पाणी ओसरलं म्हणून जुन्या शिवाराचा गाळ दिसत होता. भाऊंनी दोघांना बसवलं, मीही बसलो. अर्ध्या वाटेवर पहिला म्हणाला, "हितं आपला बांध व्हता." दुसरा म्हणाला, "हितं न्हाई, त्या खुंटापाशी. तुझ्या बापानं सरकवलेला." झालं, पेटले दोघं. बेडकीत उभे राहून हातवारे, गाडी डुलायला लागली. भाऊंनी शांतपणे इंजिन बंद केलं.

"उतरा," ते म्हणाले. "पावलं टाकून मोजा. मी हितंच थांबतो."

दोघांनी खाली बघितलं. सगळीकडं काळाभोर गाळ, त्यातून एक बगळासुद्धा सांभाळून चालत होता. मग मोठा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या दुष्काळात बघू."

शिरूर कासारकडच्या एका तलावात म्हैस रुतली होती. मालकीण म्हणजे एक विधवा बाई, घरात दुभतं जनावर तेवढंच. लोकांनी शिंगाला दोर बांधायची तयारी केली होती. भाऊ ओरडले, "शिंगाला न्हाई बे! मान मोडून ठिवताल का?" मग स्वतः गाळात उतरले. पोती दुमडून म्हशीच्या पोटाखालून सरकवली, त्यावरून पट्टा घेतला. दुपारभर त्या गाळात छातीपर्यंत उभे होते आणि म्हशीशी बोलत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण म्हैस कान हलवत होती. निघाली एकदाची. बाईनं घरून हळदकुंकू आणलं आणि बेडकीच्या नाकावर लावलं. मग पिकअपकडं वळली.

"तिला नगं," भाऊ म्हणाले. "ती नुसती हमाल हाय."

सगळे हसले, मीही हसलो. पण आता खरं लिहायचं ठरवलंच आहे तर लिहितो, ते मला लागलं. लोक बेडकीला बघायला यायचे, रंगनाथभाऊंना बघायला यायचे. नारळ त्यांच्या हातात, फोटो त्यांचा. तिथवर सगळं घेऊन येणारा मी, मला फक्त विचारायचे, "पाणी पिता का, ड्रायव्हर?" भाऊंचा मला राग नव्हता. माणूस असा की जेवायला बसले तर भाकरीचा अर्धा तुकडा आधी माझ्याकडं सरकवणार. तरीही आत कुठंतरी एक कुसळ रुतलेलं होतं.

ते बाहेर आलं सिरसाळ्याकडच्या एका गावात.

तलाव लहान, पण गावच्या नळाचं पाणी तिथलंच. पंपाच्या पाइपाचं तोंड गाळात बसलं होतं आणि चार दिवस नळाला थेंब नव्हता. भाऊंनी बेडकी नेली, गाळ उपसला, तोंड मोकळं करून पाइप खोल पाण्यात नेऊन टाकला. पंप सुरू झाला तेव्हा बायकांनी घागरी वाजवल्या. सरपंचानं भाऊंच्या गळ्यात हार घातला. पोरंटोरं, म्हातारे, सगळ्यांच्या हातात फोन. एवढ्यात दुसऱ्या गावाहून फोन आला, गाय रुतली आहे, लवकर या.

तलावाचा काठ सपाट. बांध नाही, टेकाड नाही. फळ्या काढल्या. एका फळीची साखळी होती, दुसरीची नव्हती. ती मी आठवड्याभरापूर्वी चारा छावणीच्या एका ट्रॅक्टरवाल्याला ओढकामासाठी दिली होती आणि परत मागायची राहिली होती.

"दत्ता, साखळी कुठं हाय?" भाऊंनी विचारलं.

"ऱ्हायली. काय होतंय? आपले आईबाप जन्मभर बिनसाखळीचेच चढले की."

हे मी उगाच म्हणालो नव्हतो. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. तोडलेल्या उसाच्या मोळ्या ट्रकमध्ये भरायच्या असतात, तेव्हा ट्रकला एक लाकडी फळी लावतात आणि डोक्यावर मोळी घेऊन माणसं तिच्यावरून वर चढतात. ती फळी कधीच बांधत नाहीत, कारण थर वाढेल तशी ती हलवावी लागते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात, तसंच इथंही: आई मोळी घेऊन चढायची, वडील खाली फळीच्या बुडाला पाय लावून उभे राहायचे. माझं सगळं लहानपण मी तो पाय बघितला. पुढं मी स्वतः उसाचा ट्रक चालवला, तिथंही तेच. फळी म्हटलं की खाली कुणाचा तरी पाय, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. एक गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही. माणूस चढतो तेव्हा तो फळीला खाली दाबतो. चाक चढतं तेव्हा ते फळीला मागं फेकतं.

"ती माणसं व्हती," भाऊ म्हणाले. "बरं, बूच तरी काढू दे. पोटात पाणी वाजतंय."

"दहा मिनिटं जातील. तिकडं गाय मरंल ना."

ते बूच काढायला वाकलेच होते. मी त्यांच्या खांद्याला धरून बाजूला केलं आणि बेडकीत चढून बसलो.

"आज मी चढवतो. तुमी पाय लावा फळीला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. गळ्यातला हार काढून फाळक्याच्या कडीला अडकवला. "लावतो," म्हणाले. "पर सरळ घे. मधी वळवू नगं."

गर्दी बघत होती. फोन माझ्याकडं वळलेले होते. मी जोर दिला. पुढची चार चाकं फळीवर गेली आणि पोटातलं पाणी मागं धावलं. नाक वर उचललं गेलं. मला समोर पिकअप दिसेना, नुसतं आभाळ दिसायला लागलं. मी घाबरलो. घाबरलेला माणूस सोडून द्यायच्या ऐवजी आणखी पिळतो, तसा मी पिळला. चाकांनी डावी फळी मागं, भाऊंच्या पायावर फेकली. बिनसाखळीची तीच होती.

आवाज आठवतो, पण तो लिहीत नाही. बेडकी फाळका आणि उजव्या फळीच्या आधारानं तिरपी लटकली. भाऊ खाली बसलेले, डाव्या पायाला दोन्ही हातांनी धरून. चेहरा पांढराफटक. मी वर तसाच दांडे धरून.

"आधी इंजिन बंद कर बे," ते म्हणाले. ते मला पहिल्यांदाच बे म्हणाले.

सरपंचाच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं आणि विचारलं, "गायीचं काय झालं रे?" मी फोन केला. गावकऱ्यांनीच दोर लावून ती काढली होती. म्हणजे ज्या घाईसाठी हे केलं, ती घाईसुद्धा राहिली नव्हती.

तीन दिवसांनी संस्थेच्या कार्यालयात मला बोलावलं. चेअरमन साहेब, संचालक, आणि समोर प्रोसिडिंग बुक उघडून बसलेले सचिव. साहेब म्हणाले, "दत्ता, नेमकं काय झालं ते सांग. घाबरू नको."

मी घाबरलेलोच होतो. माझी नोकरी कायम नव्हती. माजलगावात खोली घेतलेली, दोन्ही मुलं शाळेत. आमच्या घराण्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला न जाता गावी राहिलेली ती पहिली मुलं. गाडी गेली तर काय, याचं चित्र मला फार लांबून आणावं लागत नव्हतं. ते मी जगलेलो होतो. हे कारण आहे. माफी मिळावी म्हणून सांगत नाही, फक्त खरं आहे म्हणून सांगतो.

मी म्हणालो, "बूच काढायचं काम रंगूभाऊंचं असतं, ते राहिलं. आन् मी नको म्हणत असताना त्यांनी फळीला पाय लावला."

एवढंच. साखळीचं मी बोललो नाही आणि कुणी विचारलंही नाही. भाऊ दवाखान्यात, गाव लांबचं, कोण विचारायला जातो? सचिवांनी लिहिलं की अपघात श्री. रंगनाथ यांच्या निष्काळजीपणामुळे झाला, सबब त्यांना सदर वाहनावर यापुढे काम देऊ नये. सगळ्यांनी सह्या केल्या.

मी दवाखान्यात भाऊंना भेटायला गेलो तेव्हा त्यांना ते आधीच कळलेलं होतं. प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवलेला. मला बघून ते थोडे सरकले आणि खाटेवर जागा करून दिली. पारूवहिनींनी चहा आणला. तो पिऊन मी उठलो. मी मनात म्हणालो, भाऊंनी समजून घेतलं. मला तेव्हा तेच सोयीचं होतं.

पाय जुळला, पण घोटा आखडला. ते लंगडत कामावर आले आणि त्यांना बर्फाच्या खोलीत टाकलं. मघाशी सांगितलं ते आठवा: बेडकीला पाय लागत नाही. त्या पायानंही ते कामावर आल्या दिवसापासून बेडकी चालवू शकले असते. त्यांना बेडकीवरून उतरवलं ते माझ्या दोन वाक्यांनी. पायानं नाही.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं, बेडकी ताडपत्रीखाली शेडमध्ये गेली. एकाच जागी उभी राहिली तर मऊ टायर एका बाजूनं बसतात. म्हणून रंगनाथभाऊ आठ-पंधरा दिवसांनी शेडमध्ये जायचे, ताडपत्री उचलायचे आणि हातानं लोटून तिला अर्धा फेरा पुढं सरकवायचे. चालवायची मनाई होती, लोटायची नव्हती. मी पिकअपमध्ये बर्फ भरता भरता ते बघायचो आणि गाडीच्या काचेवर फडकं फिरवत राहायचो. दिवाळीला ते माझ्या घरी मरळ मासळी पाठवायचे, निवडून, ताजी. माझी बायको म्हणायची, किती जीव आहे त्यांचा तुमच्यावर. मी माझा तुकडा मुलांच्या ताटात टाकायचो.

मग पुन्हा तसलं वर्ष आलं. धरण तळाला गेलं आणि बेडकी बाहेर काढली. दोन नवे गडी घेतले आणि त्यांना चढवणं-उतरवणं शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मी साखळी हातात घेऊन उभा होतो, सांगत होतो की हिच्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. एक गडी साखळी न लावताच मजेनं फळीवर उडी मारून उभा राहिला. दुसरा हसत ओरडला, "उतर बे, रंगू करू नको!"

मी विचारलं, "काय म्हणालास?"

"तसंच म्हणतेत की सगळे. येड्यावानी काम केलं की म्हणायचं, रंगू केला." तो सहज सांगत होता. त्याला रंगनाथभाऊ म्हणजे कोण हेही नीट माहीत नव्हतं. बर्फाच्या खोलीतला लंगडा म्हातारा आणि हा रंगू एकच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ज्या माणसानं आम्हाला साखळी लावायला शिकवलं, त्याच्या नावाचा अर्थ साखळी न लावणारा असा झाला होता. आणि तो मी केला होता. मी त्या दोघांना घरी पाठवलं आणि तसाच भाऊंच्या घरी गेलो.

ते अंगणात जाळं शिवत बसले होते. पारूवहिनी शेंगा निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो, साखळीचं, बुचाचं, पायाचं, सगळं. मध्ये रडलोही. भाऊ जाळ्यातली सुई चालवत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मला कावून सांगतो हे? मी व्हतो की तिथं."

मी डोळे पुसत खाली बसलो.

"मला म्हाईत न्हाई असं ह्यातलं काय हाय? ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांग."

पारूवहिनींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "भाऊजी, तुमी त्या दिशी दवाखान्यात आलता, खाटंवर बसलात. मला वाटलं आता बोलतेत. मी च्या मुद्दाम उशिरा आणला, म्हटलं बोलू द्यावं दोघांना. च्या पिऊन निघून गेलात." त्या चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमच्या जावयानं इचारलं एकदा, मामा लई बेफिकीर व्हते का म्हणून. घरातल्या माणसानं."

भाऊ म्हणाले, "पारू, बास." मग मला म्हणाले, "जेवून जा." मी जेवून गेलो. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

नंतर काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला दुसरं काही राहणार नाही. संस्थेनं माझ्याकडून पिकअप काढून घेतली आणि मला जाळ्यांच्या गोदामात टाकलं. योग्यच केलं. मुलं तोवर मोठी झाली होती, घर चाललं. रंगनाथभाऊंना बेडकी परत मिळाली. त्या उन्हाळ्यात त्यांनी तिला साऱ्या तालुक्यात फिरवलं, केस पांढरे, पाय आखडलेला, हात पहिल्यासारखेच. ते दोन गडी त्यांच्या हाताखाली तयार झाले. भाऊंनी मला माफ केलं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

आता ती सभा.

वार्षिक सर्वसाधारण सभा, संस्थेच्या आवारात, मांडवाखाली. अहवालवाचन झालं, ताळेबंद झाला, प्रत्येक विषयाला मागून एकसुरात "मंजूर, मंजूर" झालं. शेवटचा विषय नेहमीचा: अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे ऐनवेळचे विषय. तोवर जेवणाच्या भांड्यांचा आवाज सुरू झालेला असतो आणि निम्मी माणसं उठलेली असतात. मी हात वर केला.

चेअरमन साहेब आता थकलेत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दत्ता? गाडीचं काही असंल तर उद्या हापिसात ये. लोकांना जेवू दे."

"गाडीचंच हाय साहेब. पर लोकांसमोरच सांगायचंय."

कुणीतरी मागून म्हणालं, "पगारवाढ मागतोय वाटतं." हशा झाला. मी पुढं जाऊन माईकपाशी उभा राहिलो. रंगनाथभाऊ शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, लांब केलेल्या पायावर हात ठेवून बसले होते. त्यांनी येणार म्हणून सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. साखळी कुणाला दिली ते. बूच काढायला वाकलेल्या माणसाला कसं बाजूला केलं ते. पाय लावायला कुणी सांगितलं ते, आणि कार्यालयात मी काय बोललो ते. भांड्यांचा आवाज थांबला. उठलेली माणसं उभीच राहिली. सचिवांनी पेन उघडून साहेबांकडं बघितलं, "हे लिहायचं का?" साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तो बोलतो तसं लिही. शब्द न बदलता."

मी आदल्या दिवशी पुष्कळ काही मनात जुळवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी माईक सोडला, मांडवातून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "रंगूभाऊ, तुमचा पाय मी मोडला आन् तुमचं नाव बी मीच मोडलं. तुमची काही चूक नव्हती. चूक माझी व्हती. मला माफ करा."